मेमरी कार्ड बदलते, पुरावा टिकायला हवा

चंदीगड येथे ४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते ‘ई-साक्ष्य’ प्रणालीचा प्रारंभ झाला. झडती, जप्ती किंवा घटनास्थळाच्या पाहणीचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण या प्रणालीद्वारे सरकारी सर्व्हरवर पाठविले जाते. कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड काढून, पंचांच्या सह्यांनिशी लखोट्यात मोहोरबंद करण्याची पद्धत त्यामुळे मागे पडू लागली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नेही असे चित्रीकरण शक्यतो मोबाइलवर करावे, असे म्हटले आहे.

तरीही मेमरी कार्डाचा प्रश्न संपलेला नाही. यापूर्वीच्या खटल्यांतील कार्डे मुद्देमालात जमा आहेत. नागरिकांच्या कॅमेऱ्यांतून आणि वाहनांतील डॅशकॅममधून नवी कार्डेही येत राहणार आहेत.

स्वरूपांची चढाओढ

सॅनडिस्कने १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आणले. पाठोपाठ तोशिबाचे स्मार्टमीडिया, सोनीची मेमरी स्टिक आणि २००२ मध्ये ऑलिंपस व फुजीफिल्म यांचे एक्सडी कार्ड आले. प्रत्येकाचा आकार आणि खाच निराळी होती. १९९९ मध्ये पॅनासोनिक, सॅनडिस्क व तोशिबा यांनी जाहीर केलेले एसडी कार्ड अखेर सर्वांवर मात करून गेले. अनेक उत्पादकांनी ते स्वीकारले, हे त्यामागील मुख्य कारण होते. २०१० पर्यंत सोनी आणि ऑलिंपस यांनीही आपल्या कॅमेऱ्यांत एसडीला स्थान दिले.

आज व्यावसायिक कॅमेऱ्यांत एसडी आणि अतिवेगवान सीएफएक्सप्रेस ही दोन स्वरूपे प्रामुख्याने दिसतात. उच्च दर्जाच्या चित्रीकरणाला लागणारा वेग पाहता तेथे काढता-घालता येणारे कार्ड नजीकच्या काळात नाहीसे होण्याची चिन्हे नाहीत. मोबाइलमध्ये मात्र उलट प्रवाह आहे. सॅमसंगने २०२१ च्या एस-२१ मालिकेतून कार्डाची सोय काढून टाकली.

न्यायालयांची अपेक्षा

मेमरी कार्डातील मजकूर हा ‘दस्तऐवज’ असून त्याची प्रत मिळणे हा सामान्यतः आरोपीचा हक्क आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळमधील एका खटल्यात दिला. पीडितेच्या खासगीपणाचा विचार करून तेथे प्रतीऐवजी केवळ पाहणीची मुभा देण्यात आली. पुढे याच कार्डाचे हॅश मूल्य बदलल्याचे आढळले आणि डिसेंबर २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चौकशीचा आदेश दिला. हॅश मूल्य म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला जणू बोटाचा ठसा. एक अक्षर बदलले तरी तो बदलतो.

महाराष्ट्रालाही या वादाचा अनुभव आहे. जालना मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला का, हा प्रश्न निवडणूक कार्यालयातील चित्रीकरणाच्या तबकड्यांवर येऊन ठेपला होता. मूळ साधन सादर होत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्याचाही उल्लेख करावा लागतो.

कळीचा मुद्दा

फौजदारी खटला आणि त्यावरील अपिले मिळून दोन-दोन दशके चालू शकतात. एक्सडी कार्डाचा बहर एवढा काळही टिकला नाही. शिवाय फ्लॅश मेमरीतील विद्युतभार वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिल्यास क्षीण होतो. मोहोर शाबूत असली तरी आतील नोंद वाचता येईलच, याची हमी त्यामुळे देता येत नाही.

म्हणूनच कार्ड जप्त होताच त्याची तंतोतंत प्रत काढणे, हॅश मूल्य नोंदविणे आणि ती प्रत ठरावीक काळाने नव्या माध्यमावर उतरविणे अत्यावश्यक ठरते. जुनी कार्डे वाचणारी यंत्रेही न्यायवैद्यक प्रयोगशाळांना जपावी लागतील. चंदीगडमधील प्रणालीने नव्या चित्रीकरणापुरता मार्ग दाखविला आहे. मुद्देमालाच्या कोठडीतील जुन्या कार्डांकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही, तर त्याची किंमत कधी फिर्यादीला, तर कधी निर्दोष आरोपीला मोजावी लागेल.