दुकान बंद करायची घंटा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन दोन्हीला सक्तीची सुट्टी होती. आता दिसतंय छान. इतकं छान की घरातली धूळही दिसायला लागली आहे! असो.

परवा नाशिकहून भाचीचा फोन आला. तिला घरी कापडी पिशव्या शिवून ऑनलाइन विकायच्या आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "मावशी, वहिनीला विचारून सांग ना, या कामाला दिवसाला किती तास द्यावे लागतात?" मी म्हटलं, "अगं, दिवसाचं विचारू नकोस, आठवड्याचं विचार. आणि किती तास काम करणार यापेक्षा किती वाजता थांबणार ते आधी ठरव." ती हसली. म्हणाली, "मावशी, तुझ्यातली बाई काही रिटायर झाली नाही."

नसेल झाली. चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. धंद्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण वेळापत्रक नावाची गोष्ट मात्र चांगली कळते. आणि माझं असं मत झालं आहे की घरातून चालणाऱ्या छोट्या ऑनलाइन धंद्याला भांडवलाइतकीच, कदाचित त्याहून जास्त, गरज असते ती एका घंटेची. शाळा सुटल्याची घंटा!

हे मत हवेतून आलेलं नाही. घरातच शिकले.

आमच्या सूनबाईची नोकरी २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गेली. हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली ती नाही. थालीपीठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून तिने आधी सोसायटीतल्या लोकांना दिला. मग व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि इन्स्टाग्रामवरून मागण्या यायला लागल्या. आता तिचं मेतकूट बंगळूरला जातं, इंदूरला जातं. मला कौतुक आहेच. पण बाहेरचे लोक म्हणायचे, "छान आहे हो, घरबसल्या काम!" आणि आम्हालाही तसंच वाटायचं. हे 'आम्हालाही' लक्षात ठेवा, त्याकडे पुढे येते.

२०२५ च्या नवरात्रातली गोष्ट. दिवाळी तोंडावर आलेली, चकलीच्या भाजणीची मागणी वाढलेली. ज्यांनी भाजणी केली आहे त्यांना माहीत आहे की हे एका बैठकीत उरकण्याचं काम नाही. तांदूळ आणि डाळी धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, मग एकेक धान्य वेगवेगळं, मंद आचेवर, हात न थांबवता भाजायचं. गार झाल्यावर दळायचं. प्रत्येक धान्याची भाजायची वेळ निराळी, त्यामुळे नजर कढईवरून हलवायची सोय नाही.

आणि इथे शेजारी फोन टिंग टिंग करतोय. "ताई, भाजणी आहे का?" "ताई, पाव किलोचा दर काय?" "ताई, माझ्या चकल्या विरघळल्या, का बरं?" तिने एका हाताने उत्तर लिहायला घेतलं आणि दुसऱ्या हातातला उलथणं थांबला. चार किलो उडीद डाळ करपली. घरभर वास. मी आतून आले तर ही ओट्याला टेकून रडत उभी.

मी म्हटलं, "अगं, डाळच ना? होतं असं."

ती म्हणाली, "आई, डाळीचं नाही हो. मी सकाळी साडेसहापासून उभी आहे आणि आज दिवसभर काय काम केलं ते मला सांगताच येत नाहीये."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. कष्ट होतात, माणूस थकतं, आणि तरी काम काय झालं ते सांगता येत नाही! चोख हिशेब ठेवणारी मुलगी ही. मसाल्याच्या लवंगा मोजून घेते. पण स्वतःचे तास तिने कधी मोजलेच नव्हते.

दिवाळी झाल्यावर मी माझी एक कोरी टाचणवही काढली. नव्या पिढीसाठी सांगते, कोणत्या तासाला काय शिकवणार हे आम्ही शिक्षक ज्या वहीत आधी लिहून ठेवायचो ती टाचणवही. तिला म्हटलं, "एक आठवडा काहीही बदलू नकोस. फक्त लिही. किती वाजता काय केलंस ते."

आठवड्याच्या शेवटी आम्ही दोघींनी बेरीज केली. भाजणं, कुटणं, दळून आणणं १९ तास. पॅकिंग आणि कुरिअर ९ तास. खरेदी ५ तास. फोटो काढून टाकणं ४ तास. हिशेब ३ तास. आणि फोनवरची उत्तरं १६ तास! एकूण ५६. त्यात रविवारचेही सहा होते. त्या आठवड्यात सगळा खर्च जाऊन उरले ४,४८० रुपये. म्हणजे तासाला ८० रुपये. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. दर ठरवताना तिने सामानाचा खर्च आणि फार तर ते १९ तास धरले होते. उरलेले ३७ तास आपण फुकट वाटतोय हे तिला ठाऊकच नव्हतं.

फोनचे १६ तास मला विशेष वाटले. ते सलग नव्हतेच. दोन मिनिटं, पाच मिनिटं, अशी चिल्लर. पण चिल्लर गेली तरी पैसेच जातात. शिवाय दोन मिनिटांच्या उत्तरासाठी हात धुवायचे, पुसायचे, चष्मा शोधायचा, आणि परत कढईशी येऊन 'कुठे होते मी' हे आठवायचं. वर्गात शिकवताना दर पाच मिनिटांनी शिपाई नोटीस घेऊन आला तर कविता शिकवून होईल का? नाही होणार.

मग आम्ही वेळापत्रक आखलं, अगदी शाळेसारखं. ऑर्डर सोमवारी संध्याकाळपर्यंतच घ्यायच्या, नंतर आलेल्या पुढच्या आठवड्यात. मंगळवारी सकाळी खरेदी, दुपारी धुणं-वाळवणं. बुधवार आणि गुरुवार भाजणं-दळणं. शुक्रवारी पॅकिंग आणि कुरिअर, एकदाच. शनिवारी अर्धा दिवस हिशेब आणि फोटो, आपली शनिवारची शाळा असायची तसं. रविवार बंद. फोन दिवसातून दोनदा, सकाळी अकराला अर्धा तास आणि संध्याकाळी पाचला अर्धा तास. बाकी वेळ तो फोन माझ्या कपाटात!

आठवडा हे माप मी मुद्दाम धरलं. दिवसाचं माप घरातल्या बाईला लागू पडत नाही. एखाद्या दिवशी मूल आजारी पडतं, एखाद्या दिवशी पाणी जातं, कुणी पाहुणे येतात. दिवसाचं गणित मोडलं की माणूस म्हणतो, जाऊ दे आता, आणि रात्री बारापर्यंत बसतो. आठवडा धरला तर बुधवारचं राहिलेलं गुरुवारी भरून काढता येतं. म्हणून वेळापत्रकात दोन ऑफ तासही ठेवले. शाळेत एखादे शिक्षक रजेवर असले की ऑफ तासवाल्याला त्या वर्गावर पाठवतात, तशीच ही सोय. मोकळा तास नसलेलं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोलमडतं, हा माझा चौतीस वर्षांचा अनुभव आहे.

चिरंजीवांनी अर्थातच शंका काढली. "आई, हे ऑनलाइन आहे. ताबडतोब उत्तर दिलं नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं."

शंका खोटी नाही. जातात काही जण. पण मी त्याला पुण्याच्या दुकानांची आठवण करून दिली. दुपारी एक ते चार दुकान बंद, यावर जगाने किती विनोद केले! आता कितीतरी दुकानांनी ती पद्धत सोडली आहे. पण ज्या काळात ती होती त्या काळात लोक एकला परत जायचे आणि चारला पुन्हा रांग लावायचे. कारण माल खात्रीचा होता, आणि दुकान चारला उघडणार याचीही खात्री होती. गिऱ्हाईक उशिराने तितकं चिडत नाही जितकं अनिश्चितपणाने चिडतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या धंद्याच्या अ‍ॅपमध्ये आपोआप उत्तर जाण्याची सोय असते, ती नातवाने लावून दिली. "नमस्कार, उत्तर सकाळी अकरा किंवा संध्याकाळी पाच वाजता मिळेल. पार्सल दर शुक्रवारी निघतं." बहुतेक लोक मुकाट्याने वाट बघतात. वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरंही तिने एकदाच लिहून ठेवली आहेत, विरघळणाऱ्या चकलीसकट.

रविवारच्या सुट्टीबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. आपल्याला ती कॅलेंडरात छापून मिळते म्हणून तिची किंमत कळत नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि त्यांनी सतत धरून लावल्यावर १८९० साली गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. हे सगळं मालकाकडून मागून, भांडून घेतलेलं आहे. पण घरात एकटीने धंदा करणाऱ्या बाईने कुणाशी भांडायचं? मालकही तीच, कामगारही तीच. तिच्यातली मालकीण तिच्यातल्या कामगाराला जितकं राबवते तितकं एखादा गिरणीमालकही राबवणार नाही. आणि कायदा तिच्या स्वयंपाकघरात येत नाही. म्हणून घंटा तिची तिनेच द्यायला हवी.

तिने एकटीनेच द्यायची का, मात्र? आता त्या 'आम्हालाही'कडे येते.

मी शाळेत असताना दहावीचे पेपर घरी तपासायला असायचे. शाळेत होते तोवर "त्या शाळेत गेल्यात" म्हणून कुणी हाक मारायचं नाही. पण घरी गठ्ठा घेऊन बसले की दर दहा मिनिटांनी हाक. दूध उतू जातंय बघ, पाहुणे आलेत चहा टाक. घरात बसलेय म्हणजे मोकळीच आहे, असा हिशेब. एका वर्षी अशाच गडबडीत एका पेपरात माझ्याकडून सात गुणांची बेरीज राहिली. मॉडरेटर बाईंनी पकडली म्हणून बरं, नाहीतर कुणा मुलाचं नुकसान माझ्या हातून झालं असतं. तेव्हा मला सासूबाईंचा फार राग आला होता.

आणि आता मीच सासूबाई! सूनबाईच्या टाचणवहीत, त्याच आठवड्यात, आणखी एक गोष्ट तिने बारीक अक्षरात लिहिली होती. 'आईंची औषधं आणणं. बाबांचं बँकेचं काम. गॅसवाला. सोसायटीची मीटिंग.' कशाहीपुढे तक्रार नव्हती, फक्त वेळ लिहिली होती. यातली निम्मी कामं "तू घरीच आहेस ना" म्हणून मी सांगितलेली. मला माझ्याच पेपरांचा गठ्ठा आठवला. लाज वाटली.

त्यानंतर आमच्या ह्यांनी बँक आणि औषधं स्वतःकडे घेतली. शुक्रवारी कुरिअरवाल्याला पार्सलं मोजून देण्याचं कामही त्यांचंच. मुलगा आठवड्यातून दोन रात्रीचे स्वयंपाक करतो, पोळ्या बाहेरून येतात, कुणाला काही झालेलं नाही. आणि बुधवार-गुरुवारी दहा ते चार तिला हाक मारायची नाही, हा नियम. मीही मारत नाही. जीभ चावून बसते.

आता तिचा आठवडा ३८ तासांच्या आसपास आला आहे. दर थोडे वाढवले तेव्हा काही गिऱ्हाईकं गेली, ते तिला लागलंही. आठवड्याला उरतात साधारण साडेचार हजारच, म्हणजे पूर्वीइतकेच. पण तासाला ८० चे ११८ झाले, आणि मुख्य म्हणजे अठरा तास तिचे तिला परत मिळाले. सगळं सुरळीत आहे असं म्हणणार नाही. पुढच्या दिवाळीत हे वेळापत्रक मोडणारच. परीक्षेच्या दिवसांत शाळेचंही मोडतं. परीक्षा झाली की ते परत भिंतीवर लागतं की नाही, तेवढंच बघायचं.

भाचीला मी एवढंच सांगितलं की पहिली पिशवी शिवायच्या आधी एक वही कर. शिवण्याचे तास लिही, कापड आणण्याचे लिही, फोनवर बोलण्याचेही लिही. आणि घरातल्या सगळ्यांना ती वही वाचायला दे. विशेषतः सासूबाईंना.

काल रविवारी सूनबाई दुपारी दोन तास गाढ झोपली. फोन माझ्या कपाटात वाजत होता. वाजू दिला.