वेदनाशमन हा उपचाराचाच भाग

रस्ता अपघातात मांडीचे हाड मोडलेला रुग्ण १०८ च्या रुग्णवाहिकेतून रुग्णालयात पोहोचतो. नोंदणी, क्ष-किरण तपासणी, अस्थिरोगतज्ज्ञांची प्रतीक्षा हे सारे यथाक्रम सुरू होते. स्ट्रेचर हलले की रुग्ण कळवळतो. ‘आधी निदान होऊ द्या, मग वेदनाशामक देऊ’ हे उत्तर अपघात विभागाबाहेर ताटकळलेल्या अनेक नातेवाइकांच्या परिचयाचे असेल. गोव्यासारख्या अपघातप्रवण राज्यात या उत्तराची चिकित्सा होणे आवश्यक आहे.

या सावधगिरीला इतिहास आहे. वेदना शमवल्यास पोटातील आजाराची लक्षणे झाकली जातात, असे वैद्यकीय विद्यार्थ्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. निदान हाताच्या स्पर्शावर अवलंबून होते, त्या काळात ते समजण्याजोगे होते. आज सोनोग्राफी व सीटी स्कॅन उपलब्ध आहेत. योग्य मात्रेतील वेदनाशामकामुळे निदानात गंभीर चुका वाढत नाहीत, हेही अभ्यासांतून दिसून आले आहे. उलट, वेदना ओसरलेला रुग्ण पोट सैल सोडतो आणि तपासणी सुकर होते.

दुसरी भीती कायद्याची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर शिक्षा आणि परवान्यांचे जंजाळ यांमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात अफूची कायदेशीर शेती होते, तेथेच रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण करून परवान्याची वाट सोपी केली. मॉर्फिन व फेंटानिल त्यात आहेत. कायदा बदलला, तरी जुनी धास्ती सर्वत्र सरलेली नाही.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. गुंगी म्हणजे वेदनामुक्ती नव्हे. मिडाझोलामने रुग्ण शांत दिसतो. मात्र ते वेदनाशामक नाही. कृत्रिम श्वासनलिका घालताना स्नायू शिथिल करणारे औषध दिलेला रुग्ण हलू शकत नाही. गुंगी अपुरी पडली, तर तो निश्चल राहूनही सारे सोसत असू शकतो. म्हणूनच अतिदक्षता विभागात आधी वेदनाशमन आणि मग गरजेपुरती गुंगी, हा क्रम आता मान्यता पावला आहे.

अर्थात, ही औषधे सढळ हाताने वाटण्याची नव्हेत. मॉर्फिनवर्गीय औषध आणि गुंगीचे औषध एकत्र दिल्यास श्वास मंदावू शकतो. प्राणवायूची पातळी सतत मोजणे, श्वासावर लक्ष ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती आणि हाताशी नॅलोक्सोन ही त्याची किमान पूर्वतयारी होय. निखळलेला सांधा बसवताना केटामाइन उपयोगी पडते, कारण ते सहसा श्वास व रक्तदाब टिकवून ठेवते. तेथेही देखरेख सुटत नाही.

यासाठी प्रचंड खर्च लागत नाही. नाडी व रक्तदाबाबरोबर वेदनेची शून्य ते दहा अशी नोंद करावी, औषध दिल्यावर ती पुन्हा घ्यावी. बोलू न शकणारी बालके व वृद्ध यांच्या वेदना चेहऱ्यावरून आणि हालचालींवरून ओळखण्याचे प्रशिक्षण परिचारिकांना द्यावे. जिल्हा रुग्णालयांपासून बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत रुग्ण हलवताना दिलेल्या औषधाचे नाव, मात्रा व वेळ कागदावर सोबत जावी. अन्यथा पुढचा डॉक्टर मात्रा दुप्पट देईल किंवा काहीच देणार नाही.

आपत्कालीन विभागाची कसोटी वाचवलेल्या प्राणांवर लागते, हे खरेच. परंतु प्राण वाचेपर्यंतच्या त्या तासांत रुग्णाने काय सोसले, याचीही नोंद तेथे असली पाहिजे.