भाताचे पैसे

"कच्चा मासा खायला एवढे पैसे?" हॉस्टेलवर परत आल्या आल्या मला पहिला प्रश्न हा विचारला गेला. दुसरा, "मग पोट भरायला नंतर काय खाल्लंस?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरं कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या देण्यासारखी नाहीत, म्हणून मासिकाची ही दोन पानं अडवतेय.

पहिली गोष्ट, सुशी म्हणजे मासा नव्हे. सुशी म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. त्यावर मासा असेल, अंडं असेल, नाहीतर नुसती काकडी गुंडाळलेली असेल. भाताशिवाय माशाचे काप दिले तर त्याला साशिमी म्हणतात. आणि मुंबईत व्हेज सुशी मिळते म्हणून हसू नका, काकडीची सुशी जपान्यांची स्वतःचीच आहे.

तर झालं असं, की माझ्या मामेभावाला बढती मिळाली आणि दादाने विचारलं, "कुठे जेवूया?" मी गमतीत म्हटलं, "जपानी!" त्याने मनावर घेतलं. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात हे रेस्टॉरंट आहे. नाव सांगत नाही, जाहिरात नको. बाहेर ट्रॅफिकचा नुसता गोंधळ, हॉर्न, टॅक्सीवाल्यांची भांडणं. आत दार बंद झालं की चिडीचूप. दोघांचं बिल आपल्या मेसच्या साडेतीन महिन्यांएवढं झालं. दादाने कार्ड दिलं तेव्हा मी मेनूकार्ड वाचत असल्याचं नाटक केलं.

आता एवढे पैसे कशाचे? मासा विमानाने येतो, त्याचे आहेत. जागेच्या भाड्याचे आहेत. पण आम्ही काउंटरवर बसलो होतो, शेफच्या अगदी समोर, आणि तिथे दीड तास बसून माझं असं मत झालं की मोठा भाग भाताचा आणि हाताचा आहे.

भाताचं सांगते. तांदूळ आखूड दाण्याचा, चिकट. शिजला की लाकडी पसरट भांड्यात काढायचा, त्यावर व्हिनेगर, मीठ, साखर यांचं मिश्रण शिंपडायचं आणि लाकडी उलथन्याने, दाणा मोडू न देता, कापल्यासारखं कालवायचं. त्याच वेळी पंख्याने वारा घालायचा, म्हणजे वरचं जादा पाणी उडतं आणि दाण्याला चकाकी येते. (थर्मलच्या सरांनी हे उदाहरण वर्गात दिलं असतं तर माझे चार मार्क वाढले असते.) वाढताना भात गारही नको आणि गरमही नको, साधारण आपल्या अंगाइतका कोमट हवा. मग शेफ ओल्या हाताने एक घास उचलतो, दोन-तीनदा दाबतो, झालं. तो घास बोटांत धरला तर सुटत नाही आणि तोंडात घातला की सुटतो.

हो, बोटांतच! पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये मला काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, कोपर टेबलाला लावायचं नाही, हे सगळं शिकवलं. त्यामुळे आजूबाजूला सगळे चॉपस्टिक्सशी झटत होते तेव्हा मीही झटले. शेवटी शेफनेच सांगितलं, निगिरी हाताने खाल्लेली चालते. हाताने उचलायची, उलटी करून माशाची बाजू सॉसला लावायची, भाताची नाही, आणि एका घासात संपवायची. शेजारच्या टेबलावरचे एक साहेब सुशीचे काट्याने चार तुकडे करत होते. एवढ्या महागड्या ठिकाणी माझ्या घरची पद्धत बरोबर ठरली, याचा मला झालेला आनंद लपवण्याचं काही कारण नाही.

याला कारण इतिहासात आहे. निगिरी सुशी हा राजेरजवाड्यांचा पदार्थ कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हे गाडीवरचं खाणं होतं. हानाया योहेई या माणसाला त्याचं श्रेय दिलं जातं. गर्दीचं शहर, कामाला निघालेली माणसं, उभ्या उभ्या दोन घास खायचे आणि पुढे जायचं. घासही आजच्यापेक्षा बराच मोठा असायचा. बर्फ नव्हता, म्हणून मासा व्हिनेगरमध्ये किंवा सोयासॉसमध्ये मुरवायचे. ट्यूनाच्या पोटाचा जो चरबीदार तुकडा आज सगळ्यात महाग, त्याला तेव्हा कोणी विचारत नसे. थोडक्यात, तो त्यांचा वडापाव होता.

आणि आपल्या ब्रँचसाठी खास गोष्ट. १९५८ मध्ये योशिआकी शिराइशी या ओसाकाकडच्या हॉटेलवाल्याने बिअरच्या कारखान्यात कन्व्हेयर बेल्टवरून बाटल्या जाताना पाहिल्या आणि बेल्टवरून सुशी फिरवायला सुरुवात केली. वेटर कमी, भाव कमी. १९८१ मध्ये सुशीचा भात वळणारं यंत्रही आलं. म्हणजे ऑटोमेशन होऊन जमाना झाला. जपानमध्ये स्वस्त सुशी आजही बेल्टवर फिरते. तरी काउंटरवरच्या माणसाच्या हातची महागच राहिली. प्रत्येक गोष्टीवर 'हे ऑटोमेट करता येईल का?' असं विचारणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरा चघळावं.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच. ज्या आवारात आम्ही जेवलो तिथून माझ्या आजीची लालबागची चाळ चालत वीस मिनिटांवर. आजी तिथे खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, अकरा गिरणी कामगार, तीन पाळ्या. बायकामुलं गावाला ठेवून आलेली कोकणातली, साताऱ्याकडची माणसं. महिन्याच्या पगाराला पैसे द्यायची. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, बरेच गावी गेले ते परत आलेच नाहीत. आजीची खानावळही बंद पडली, उधारी बुडाली. गिरण्यांच्या जागी मॉल आले, ऑफिसं आली आणि सुशी आली.

दोन्ही कष्टकऱ्यांचंच खाणं. मग एक काउंटरवर चढलं आणि दुसरं का नाही?

जपानी लोक महान आणि आपण वाईट, असं मी म्हणणार नाही, ते सोपं उत्तर झालं. मला दिसतं ते असं. सुशीचा कारागीर गिऱ्हाइकाच्या समोर उभा राहतो. त्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकणारी पोरं असतात, बराच काळ तर त्यांना भातसुद्धा करू देत नाहीत. म्हणजे ती विद्या आहे हे आधी त्यांनी मानलं, मग जगाने. आजीच्या भाताला कोणी विद्या म्हटलं नाही, कारण तो बाईने केलेला होता आणि बाईला स्वयंपाक 'येतोच'. गंमत म्हणजे जपानमध्येही सुशीच्या काउंटरमागे बायकांना फार काळ उभं राहू दिलं नाही. कारण काय, तर म्हणे बायकांचे हात गरम असतात! चुलीपुढे मात्र तेच हात सगळ्या जगात चालतात.

तिथल्या मेनूत 'ओमाकासे' नावाचा प्रकार होता, सगळ्यात महाग. अर्थ, 'तुमच्यावर सोपवलं'. शेफ जे देईल ते मुकाट्याने खायचं. मित्रांनो, आपण मेसमध्ये रोज ओमाकासेच जेवतो! फरक एवढाच, की तिथे शेफ प्रत्येक घास ठेवून आपल्या चेहऱ्याकडे बघतो आणि आपणही त्याला दाद देतो. आपल्या मेसचे काका पहाटे पाचपासून चारशे जणांचा भात लावतात. दाणा कधी मोडतो, कधी फडफडीत होतो, त्यावर आपण नोटीस बोर्डावर कविता करतो. चांगला झाला त्या दिवशी खिडकीत वाकून कोणी काही बोललेलं मी तीन वर्षांत ऐकलेलं नाही. त्यांचं नाव मला गेल्या महिन्यात कळलं, तेही विचारल्यावर.

आजीला बिलाचा आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं ती आता डोक्याला हात लावणार. तिने विचारलं, "तांदूळ कुठला?" मी म्हटलं, आखूड, चिकट, जपानी. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आंबेमोहोराचा होईल की. पाणी जरा कमी घालायचं." दिवाळीच्या सुट्टीत प्रयोग ठरलाय. मासा दादा आणणार आहे, फक्त सुरमई आणायची आणि ती तळायची, अशी आजीची अट आहे.