पंढरीची वार्ता घरोघरी हवी

आषाढ शुद्ध एकादशीस लक्षावधी वारकरी आमच्या सोलापूर जिल्ह्यात येतात. चंद्रभागेत स्नान करतात, पदस्पर्शाचा योग न आला तर कळसास हात जोडतात आणि द्वादशीचे पारणे सोडून परतीची वाट धरतात. या निष्ठेस तोड नाही. परंतु ज्या दारी आपण पिढ्यान्‌पिढ्या उभे राहतो, तेथील कारभार कोणत्या कायद्याने चालतो, कोणते निर्णय झाले व कोणते व्हावयाचे आहेत, ही विचारणा आपल्या घरांत क्वचितच होते. ही उदासीनता भक्तीस शोभणारी नाही, असे आम्हांस नम्रपणे वाटते.

वारकरी संप्रदायास एकच एक सर्वाधिकारी पीठ नाही. फड, दिंड्या आणि मठ हीच त्याची रचना होय. कीर्तन आणि दिंडीचा मुक्काम हीच त्याची वार्तापत्रे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली व कीर्तनकारांच्या पिढ्या घडविल्या. ज्ञानेश्वरीचा अर्थ त्यामुळे खेडोपाडी पोहोचला. मात्र विधिमंडळात व न्यायालयात जे घडते ते घरोघरी सांगण्याचे काम या परंपरेत कोणाकडेच नेमून दिलेले नाही.

आणि घडले तर पुष्कळच आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरी उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले झाले. पुढे नाडकर्णी आयोगाने देवस्थानच्या कारभाराची चौकशी केली व तीतून १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा आला. बडवे, सेवाधारी, उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क त्याने संपविले आणि व्यवस्था समितीकडे सोपविली. न्यायालयीन वादामुळे प्रत्यक्ष अंमल १९८५ मध्ये सुरू झाला. १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हक्कदारांचे म्हणणे फेटाळले, तेव्हा त्या वादावर पडदा पडला. त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांच्या पदांसाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले.

ज्यांनी हा चार दशकांचा प्रवास पाहिला नव्हता, त्यांना २०१४ चा निकाल अकस्मात आल्यासारखा वाटला असेल. वस्तुतः त्याची प्रत्येक पायरी उघडपणे चढली गेली होती. आपले लक्ष मात्र तिकडे नव्हते. अशा अज्ञानातून कोणी निकालाचा विजयोत्सव करतो, कोणी त्यास धर्मावरील आघात म्हणतो, आणि कायदा मात्र दोघांनीही वाचलेला नसतो.

प्रश्न अद्याप संपलेले नाहीत. २०२३ मध्ये सुब्रमण्यम स्वामी यांनी याच कायद्यास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. मंदिरांवर शासनाचे नियंत्रण असावे की नाही, हा त्यातील मुद्दा. २०२४ मध्ये जीर्णोद्धारासाठी १५ मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद होते व ते २ जूनला पुन्हा सुरू झाले. काम चालू असता मे महिन्याच्या अखेरीस मंदिरात तळघर आढळले व त्यात मूर्ती मिळाल्या. मंदिर परिसराच्या विस्ताराची योजनाही शासनाने पुढे आणली; आसपासच्या रहिवाशांनी व व्यापाऱ्यांनी तीस विरोध केला. वारकऱ्यास चालण्यास मोकळी वाट हवी, हे खरे. ज्यांची घरेदारे त्या वाटेवर आहेत त्यांचाही संसार विठ्ठलाच्याच छायेत चालला आहे, हेही तितकेच खरे.

यांपैकी कोणती बाजू घ्यावी, हे आम्ही सांगत नाही. बाजू घेण्यापूर्वी वस्तुस्थिती जाणावी, एवढेच आमचे म्हणणे. दिंडीच्या बैठकीत अभंगांबरोबर समितीच्या निर्णयांचीही चर्चा व्हावी. जमाखर्चाविषयी फडांच्या प्रमुखांनी समितीस सविनय विचारावे. कायदा काय म्हणतो, न्यायालय काय म्हणाले आणि लोक काय बोलतात, या तीन गोष्टी घरातील जाणत्यांनी मुलांस वेगवेगळ्या करून सांगाव्यात. तळघरासारखी बातमी येते तेव्हा हा विवेकच कामी येतो. अन्यथा ऐकीव गोष्टीच इतिहास होऊन बसतात.

संतांनी देव आणि भक्त यांच्यामधील अंतर मिटविले. त्या देवाच्या घरात काय चालले आहे, हे भक्तास परक्याकडून कळावे, हे त्यांच्या शिकवणीस धरून नाही. आज उपवासाच्या दिवशी नामस्मरणासोबत एवढी जागरूकता प्रत्येक घराने स्वीकारावी. तीही पांडुरंगाची सेवाच होय.