कलम 41चं उरलेलं काम

महाराष्ट्र विधानमंडळाच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,



राज्यातल्या एखाद्या गरीब बाईला 65 वर्षं पूर्ण झाली की सरकारदरबारी तिचं काय होतं, याकडे आपलं लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. तोवर ती ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत असते. तिथं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं. पासष्टी ओलांडली की ते पैसे थांबतात आणि तिला वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेकडे वळावं लागतं. तिथली मर्यादा आहे 21,000 रुपये. महिन्याला 1,750, तेही साऱ्या घराचे मिळून. घरात रोजंदारीवर जाणारा एक मुलगा असला तरी हा आकडा केव्हाच मागं पडतो. दोन्हीकडे रक्कम दीड हजारच. बाईही तीच. हातपाय थकले आणि नेमकी तेव्हाच ती अपात्र ठरली.

मग उत्पन्नाचा दाखला मर्यादेत बसवून घेण्यावाचून तिच्यापुढे मार्ग उरत नाही. श्रावणबाळचे लाभार्थी लाखोंनी आहेत. आजच्या महागाईत त्या सगळ्यांची घरं खरोखर 1,750 रुपयांत महिना काढतात, असं या सभागृहात कुणी छातीठोकपणे सांगेल का? सत्तर वर्षांच्या माणसाला सहीनिशी खोटं बोलायला लावणारी अट आपण नियम म्हणून सांभाळतो आहोत, याची मला मनापासून लाज वाटते.

लाडकी बहीण योजनेला माझा विरोध नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात दरमहा पैसे येतात, तेव्हा घरात तिच्या शब्दाला वजन येतं. माझी तक्रार वेगळी आहे. या साऱ्या योजना शासन निर्णयावर उभ्या आहेत. रक्कम किती, पात्र कोण, हप्ता कधी, हे सरकारच्या मर्जीवर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचंच पाहा. 80 वर्षांखालच्या माणसासाठी केंद्राचा वाटा 2007पासून 200 रुपयेच आहे. आपल्या राज्यात श्रावणबाळचे 600चे 1,000 झाले 2019मध्ये, 1,500 झाले 2023मध्ये. पुढची वाढ कधी, हे कुठंही लिहिलेलं नाही, आणि भाव काही शासन निर्णयाची वाट पाहत थांबत नाहीत.

याच महाराष्ट्रानं एकदा वेगळं करून दाखवलं होतं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965मध्ये तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972च्या दुष्काळात खडी फोडायला लाखो माणसं रस्त्यावर आली, तेव्हा ती कल्पना राज्याच्या कामी आली. दुष्काळ सरल्यावर योजना गुंडाळता आली असती. पण आपल्या पूर्वसुरींनी 1977मध्ये तिचा कायदा केला आणि 26 जानेवारी 1979पासून तो लागू झाला. तेव्हापासून तहसील कचेरीवर काम मागायला जाणारा मजूर उपकार मागत नव्हता. काम द्या, नाही तर भत्ता द्या, असं तो कायद्याच्या जोरावर म्हणू शकत होता. देशाला असा कायदा करायला 2005 उजाडलं.

त्यासाठी पैसाही बांधून घेतला होता. पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. तो 1975 साली आला, रोजगार हमीसाठी. शहरातल्या नोकरदारानं खेड्यातल्या मजुराच्या हक्कासाठी द्यायचा कर! हे आज आमच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे, आणि ते शाळेत शिकवलं जायला हवं असं मला वाटतं.

संविधानाच्या कलम 41मध्ये कामाच्या हक्काबरोबर आणखीही काही आहे. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळावं, असं तेच कलम सांगतं. कामाच्या बाबतीत आपण देशाच्या पुढं होतो. वार्धक्याच्या बाबतीत राजस्थान पुढं गेलं. तिथल्या 2023च्या किमान हमी उत्पन्न कायद्यात दरमहा किमान 1,000 रुपये निवृत्तिवेतन आणि दरवर्षी 15 टक्के वाढ लिहिलेली आहे. रक्कम थोडी, पण वाढ कायद्यात आहे. नेपाळसारखा आपल्याहून गरीब देश 1990च्या दशकापासून वृद्धभत्ता देतो, आणि तिथं उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. व्यवसाय कराची कमाल मर्यादा संविधानानंच वर्षाला 2,500 रुपये ठरवली आहे, 1988च्या दुरुस्तीपासून. ती वाढवण्याचा आग्रह राज्यानं दिल्लीत धरावा. माझ्यासारखे पगारदार जास्त देऊ शकतात. प्राप्तिकर भरणारे आणि सरकारी निवृत्तिवेतन घेणारे वगळावेत. बाकी प्रत्येक वृद्धाला वय हाच पुरावा पुरेसा असावा. रक्कम दरवर्षी महागाई निर्देशांकानुसार आपोआप वाढावी, अर्ज नाकारला तर कारण लेखी मिळावं, आणि हप्ता लांबला तर भरपाई. हयातीचा दाखला घ्यायला सरकारी माणसानं घरी यावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जिवंत असल्याचं सिद्ध करायला कचेरीत नेण्याची वेळ कुणावर येऊ नये.

असं विधेयक कोणत्याही बाकावरचा सदस्य अशासकीय म्हणून मांडू शकतो. पण ते खर्चाचं असल्यामुळं राज्यपालांच्या शिफारशीशिवाय संमत होणार नाही आणि ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच येते. म्हणून सत्ताधारी सदस्यांना विनंती, येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सरकारचंच विधेयक आणा. विरोधी सदस्यांना विनंती, सरकारनं ते आणलं नाही तर तुम्ही मांडा, आणि शिफारस का नाकारली याचं उत्तर सभागृहात नोंदवून घ्या.

आपली,
व्यवसाय कर भरणारी एक नागरिक