आधी थंडावा, मग वेग

तळहातावर मावणारा, एकाच सर्किट बोर्डावर सगळे भाग बसवलेला संगणक आता हौशी मंडळींपुरता राहिलेला नाही. रास्पबेरी पाय हे त्यातले सर्वांत परिचित नाव. शाळकरी मुलांना प्रोग्रामिंग स्वस्तात शिकता यावे, म्हणून इंग्लंडमधील केंब्रिजच्या एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरना विक्रीला आणला. मुंबईकर तो ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवून आणतात. कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम चढवली, घरातल्याच टीव्हीला जोडले, की मुलाचा पहिला संगणक तयार होतो.

तक्रार सुरू होते ती मार्च उलटल्यावर. तोपर्यंत बरा चालणारा बोर्ड अचानक रखडू लागतो. माउस अडखळतो, पान उघडायला वेळ लागतो, व्हिडीओ थांबत थांबत चालतो. यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'ओव्हरक्लॉक कर', म्हणजे सेटिंग बदलून प्रोसेसरला ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळव. मुंबईच्या उपनगरांत हा सल्ला बहुतेक वेळा उलटा आहे, असे माझे मत आहे. आपल्या घरांत बोर्डाला वेग कमी पडत नाही; त्याला थंडावा आणि पुरेशी वीज कमी पडते.

कारण साधे आहे. हीटसिंक असो वा पंखा, दोन्ही प्रोसेसरमधली उष्णता खोलीतल्या हवेला देतात. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. तो खोलीच्या तापमानापेक्षा अमुक इतके अंश वर राहतो. समजा, एखादा बोर्ड पूर्ण कामाला लागला की खोलीपेक्षा ४८ अंशांनी जास्त तापतो. २२ अंशांच्या खोलीत तो ७० अंशांवर स्थिरावेल. ३४ अंशांच्या खोलीत तोच बोर्ड, तेच काम करताना, ८२ अंशांवर जाऊ पाहील. पण रास्पबेरी पाय ४ आणि ५ या दोन्हींचा प्रोसेसर ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करू लागतो आणि ८५ अंशांना आणखी कडक लगाम लावतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. हा बिघाड नाही. चिप जळू नये म्हणून निर्मात्यांनी मुद्दाम केलेली ती सोय आहे.

केंब्रिजमध्ये भर जुलैत सरासरी कमाल तापमान २३ अंशांच्या आसपास असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा सहज ३३-३४ अंशांवर असतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद झाली होती. पण असे विक्रमी दिवस सोडा, वरच्या मजल्यावरच्या किंवा पत्र्याखालच्या खोलीत रोजचीच दुपार बाहेरच्यापेक्षा उष्ण असते. तिकडच्या खोलीत 'पंखा नसला तरी चालतो' हे खरे असेल. घाटकोपरच्या चाळीत ते खरे ठरेलच असे नाही.

आता या तापलेल्या बोर्डाला ओव्हरक्लॉक केले तर काय होते? प्रोसेसर खात असलेली वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १.५ गिगाहर्ट्झवरून २ गिगाहर्ट्झवर नेला, म्हणजे ३३ टक्के वाढवला, आणि तो झेपावा म्हणून व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर विजेचा वापर १.३३ गुणिले १.२१, म्हणजे सुमारे १.६ पट होतो. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. वेग एकतृतीयांश वाढला आणि उष्णता ६० टक्क्यांनी. बोर्ड ८० अंशांची रेषा आणखी लवकर गाठतो आणि थ्रॉटलिंगमुळे पुन्हा मंदावतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातला हा प्रकार.

म्हणून क्रम बदलायला हवा. पहिली पायरी विजेची. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा, तर रास्पबेरी पाय ५ ला पूर्ण क्षमतेसाठी ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर लागतो. घरात पडलेला मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल लावली, की कामाचा ताण येताच व्होल्टेज घसरते आणि पुरेसे घसरले की प्रोसेसर स्वतःला आवरतो. बाहेरून पाहणाऱ्याला उष्णतेने आलेला मंदपणा आणि विजेअभावी आलेला मंदपणा सारखाच दिसतो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची खूण किंवा कमी व्होल्टेजची सूचना दिसली तर दोष अ‍ॅडॅप्टरचा किंवा केबलचा आहे. तापमापकाची खूण दिसली तर उष्णतेचा. तापमान मोजण्याची आणि थ्रॉटलिंग झाले का हे विचारण्याची आज्ञाही टर्मिनलमध्ये देता येते. ताप न मोजता औषध देऊ नये, हा नियम इथेही लागू आहे.

दुसरी पायरी कार्डाची. संगणक सुरू व्हायला किंवा प्रोग्राम उघडायला लागणारा वेळ अनेकदा प्रोसेसरमुळे नव्हे, तर स्वस्त मेमरी कार्डामुळे वाढतो. विश्वासू दुकानातून घेतलेले 'ए १' खुणेचे कार्ड किंवा जमल्यास यूएसबीवरचे एसएसडी लावले, तर जो फरक जाणवतो तो गिगाहर्ट्झ वाढवून जाणवत नाही.

तिसरी पायरी थंडाव्याची, आणि तिची सुरुवात फुकट आहे. सॉफ्टवेअर अद्ययावत करा. रास्पबेरी पाय ४ जून २०१९ मध्ये आल्यानंतर पुढच्या काही महिन्यांतल्या फर्मवेअरमुळेच तो कमी तापू लागला. बोर्ड टीव्हीच्या मागच्या फटीतून आणि सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावरून बाहेर काढा. बंद प्लास्टिकच्या डबीचे झाकण उघडा. बोर्ड आडवा न ठेवता उभा ठेवा, म्हणजे गरम हवेला वर जायला वाट मिळते. त्यानंतर हीटसिंक, आणि तरीही भागले नाही तर छोटा पंखा. पाय ५ साठी मिळणारा निर्मात्यांचा पंखा ६० अंशांना सुरू होतो आणि ७५ अंशांना पूर्ण वेग घेतो. एरवी तो गप्प असतो. एकाच खोलीत आजी झोपलेली असताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते. पंखा हवेबरोबर धूळही ओढतो आणि उपनगरांत पुनर्विकासाच्या बांधकामांमुळे तिचा तुटवडा नाही. महिन्यातून एकदा बोर्ड बंद करून मऊ ब्रश फिरवणे पुरेसे आहे. धातूची पेटी वापरत असाल तर ती लहानग्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पेटी हेच हीटसिंक असल्याने चटका बसू शकतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'मुंबईची हवा दमट, म्हणून बोर्ड तापतो' असे म्हटले जाते. तसे नाही. बोर्डाला घाम येत नाही. त्याच्या दृष्टीने महत्त्व आहे ते हवेच्या तापमानाला. दमटपणाचा त्रास त्याला गंजाच्या रूपाने, सावकाश होतो. दमटपणा खरा भोवतो तो त्या बोर्डासमोर बसलेल्या मुलाला. आपले शरीर घाम वाळवून थंड होते आणि दमट हवेत घाम वाळत नाही. पंखा ८० अंशांच्या चिपला ३५ अंशांच्या हवेने उत्तम थंड करतो. पण आपल्या त्वचेचे तापमानही ३५ अंशांच्या आसपासच असते, त्यामुळे त्याच हवेने आपली सुटका होते ती फक्त घाम वाळण्यापुरती. बोर्ड ८० अंशांना आपोआप हळू होतो. मुलाला मात्र 'आता ऊठ, पाणी पी, संध्याकाळी बस' असे कोणीतरी सांगावे लागते.

ओव्हरक्लॉकिंग वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. हौसेला मोल नसते. थंडाव्याची आणि विजेची चोख व्यवस्था करून, तापमानावर नजर ठेवून जो वेग वाढवतो, तो त्यातून पुष्कळ शिकतो. माझा आक्षेप आहे तो पहिला उपाय म्हणून ते सुचवण्याला. कारण त्याची किंमत यंत्र मोजत नाही. बोर्ड सहसा जळत नाही. तो फक्त मंद राहतो. मग घरात निष्कर्ष निघतो की 'स्वस्तातली वस्तू अशीच असायची' आणि बोर्ड कपाटात जातो. ज्या घरात दुसरा लॅपटॉप आहे तिथे याने काही बिघडत नाही. ज्या घरात तोच एकमेव संगणक होता, तिथे एका मुलीचे शिकणे थांबते.

शाळांनी आणि देणगीदारांनीही हे ध्यानात घ्यायला हवे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने शाळेच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्स आणले. पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प लिनक्स आणि पायथॉनसारखे विषय मराठीतूनही शिकवतो, तोही विनामूल्य. म्हणजे धडे आहेत, भाषाही आपली आहे. उणीव राहते ती खरेदीच्या यादीत. शाळेसाठी दहा बोर्ड घेण्याऐवजी आठच घ्या. पण प्रत्येकाबरोबर योग्य अ‍ॅडॅप्टर, चांगले कार्ड, हीटसिंक आणि पंखा घ्या. दहा रखडणाऱ्या बोर्डांपेक्षा आठ चालणारे बोर्ड अधिक मुलांना शिकवतील.

आणि पहिला प्रयोगही तोच ठेवा. बोर्ड बंद डबीत, उघड्यावर, उभा आणि पंख्यासह चालवून मुलांना दर मिनिटाला तापमान नोंदवू द्या, आलेख काढू द्या. जानेवारीत एकदा आणि मे महिन्यात पुन्हा. भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग आणि आपल्या शहराचे हवामान, तिन्ही एकाच आलेखावर दिसतील. वेग वाढवायचा की नाही, हे मग त्या आलेखाकडे पाहून मुलेच ठरवतील.