लिलावातला वाडा आणि आतली माणसे

बँकांच्या जाहीर लिलावाच्या नोटिसा वाचण्याची सवय मला निवृत्तीनंतर लागली. इतर लोक सकाळी शब्दकोडे सोडवतात. मी राखीव किमती बाजारभावाशी ताडून पाहत असे. पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याची नोटीस अशीच नजरेस पडली. किंमत मोह पाडणारी. खाली बारीक अक्षरांत : 'सांकेतिक ताबा. जसे आहे जेथे आहे.' या एका ओळीची किंमत पुढच्या तीन वर्षांत मला कळली. आणि ती ओळ छापून हात झटकण्याची मोकळीक बँकांना असावी का, हा माझा प्रश्न आहे.

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना दिवाणी दावा न लावता गहाण मिळकत विकण्याचा अधिकार दिला. बुडीत कर्जांचे डोंगर पाहता तो गैर नव्हता. पण घेणाऱ्याला सवड नाही. बोली मंजूर झाली की अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी. उरलेले विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मिळकतीवरचे बोजे नोटिशीत द्यावेत असे नियम सांगतो. पण 'बँकेला माहीत असलेले' एवढेच. आमच्या नोटिशीत त्या रकान्यात 'माहीत नाही' होते. वाड्याच्या दारावर तर चार नावांच्या पाट्या होत्या!

त्या मलाही दिसल्या होत्या, हे कबूल केले पाहिजे. भाडेकरू भाडे देत नाहीत असेही कानावर आले होते. मला वाटले, मग तर सोपेच. थकबाकीदाराला घालवायला कितीसा वेळ लागणार?

वकिलांनी पहिल्याच भेटीत हा भ्रम उतरवला. मागची थकबाकी माझी नव्हतीच. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ प्रमाणे खरेदीआधीचे थकलेले भाडे नव्या मालकाला आपोआप मिळत नाही. माझा हिशेब माझ्या दिवसापासून. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याची वाट : मागणीची नोटीस, ९० दिवस थांबणे, मग लघुवाद न्यायालयात दावा. आणि समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सारी बाकी १५ टक्के सरळ व्याजाने भरली, पुढचे भाडे चालू ठेवले, दाव्याचा खर्च दिला, की थकबाकीच्या कारणावर त्याला काढता येत नाही. बँकेच्या कायद्याचा आडोसा घ्यावा तर तोही नाही. सरफेसीच्या जोरावर भाडे कायद्याचे संरक्षण पुसता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मुंबईच्याच एका प्रकरणात सांगून ठेवले आहे. पुढे २०१९ च्या निकालाने नुसत्या तोंडी भाडेकरारांना लगाम घातला खरा. पण आमच्या भाडेकरूंकडे पावत्या होत्या.

त्या पावत्या पाहिल्या तो दिवस विसरणार नाही. मागच्या खोल्यांत ऐंशीच्या घरातल्या एक काकू एकट्या राहतात. मी मालकाच्या तोऱ्यातच गेलो होतो. "या, बसा," म्हणत त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढ्यात ठेवला. आत तारीखवार लावलेल्या पावत्या, आणि त्यांच्यामागे 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलेल्या मनीऑर्डरी. "मालक घेईनात. बँकेत गेले तर म्हणाले, आमचा संबंध नाही. आता तुम्हीच सांगा, भाडं द्यायचं कुणाला?" महिना ८५ रुपये. माझ्यापाशी उत्तर नव्हते. माझे वडील शनिवार पेठेत असेच भाडेकरू होते, आणि आमच्या घरीही असाच एक डबा होता.

सगळेच काही काकूंसारखे नाहीत. दर्शनी बाजूचा दुकानदार गाळा परस्पर दुसऱ्याला देऊन भाडे खातो, आणि मला मात्र दमडी देत नाही. त्याच्यावर मी दावा लावला आहे. 'थकबाकीदार' या एका शब्दात काकू आणि तो दुकानदार दोघे बसतात, आणि कोण कोणता हे बोली लावणाऱ्याला पैसे भरल्यावर कळते.

बँकेला ते आधीच माहीत होते. दाव्याच्या कामी मूळ कर्जाची कागदपत्रे हाती आली, तेव्हा मूल्यांकनाच्या अहवालात चारही बिऱ्हाडे नावानिशी, भाड्याच्या आकड्यांसह नोंदलेली निघाली. कर्ज देताना जे कागदावर होते ते विकताना 'माहीत नाही' कसे होते? कर्जाच्या फाइलीतली ही नोंद विक्रीच्या नोटिशीत छापणे सक्तीचे करावे, आणि दडवली तर खरेदीदाराला व्याजासह पैसे परत मागता यावेत. यात वसुलीला कोठेही खीळ बसत नाही. राखीव किंमत थोडी उतरेल, इतकेच. ती आज जी फुगलेली असते, ती घेणाऱ्याच्या अज्ञानावर आणि काकूंसारख्यांच्या झोपेवर.

गेल्या पावसाळ्याआधी काकूंच्या खोलीवरची कौले मी बदलून घेतली. भाड्याची पावती आता मीच लिहून देतो. दुकानाच्या दाव्याची पुढची तारीख जूनमध्ये आहे.